ठाण्याहून एका दिवसाची रेल्वे सहल : आधी परतीची गाडी ठरवा

ठाण्यात नव्याने राहायला आलेल्या माणसाला हे शहर पहिल्यांदा कळते ते ऑफिसच्या वाटेवर. सकाळी मुंबईकडे तोंड करून उभे राहायचे आणि रात्री त्याच गर्दीतून परत यायचे, एवढाच स्टेशनाशी संबंध येतो. पण फलाटावर उलट्या दिशेने उभे राहिले, तर हेच स्टेशन देवळे, लेणी, किल्ले, खाडी आणि घाट यांचे प्रवेशद्वार ठरते. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी ठाण्याला येऊन थांबली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले आणि 1856 मध्ये ते पळसदरीवरून घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत गेले. आज आपण ज्याला ‘कर्जत लाइन’ म्हणतो, तिच्यावरून सहलीला जाणे म्हणजे जवळजवळ त्याच जुन्या वाटेने जाणे होय.

ज्यांनी कल्याणच्या पुढे लोकलने कधी प्रवास केलेला नाही आणि मुक्काम न करता एका दिवसात जाऊन यायचे आहे, अशांसाठी हा लेख आहे. स्थळांची यादी कुठेही मिळते. दिवस कसा आखावा हे मात्र सहसा कोणी सांगत नाही, म्हणून येथे भर आखणीवर आहे.

पहिली पायरी : स्थळ निवडण्याआधी लाइन समजून घ्या

ठाण्याहून सहलीच्या दृष्टीने उपयोगी अशा तीन दिशा आहेत. मध्य रेल्वेच्या गाड्या कल्याणपर्यंत एकाच वाटेने जातात आणि तेथे त्यांना फाटा फुटतो. एक फाटा शहाड, टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी असे करत कसाऱ्याला जातो. दुसरा विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोडवरून कर्जतला आणि तेथून पुढे खोपोलीला पोहोचतो. तिसरी दिशा ट्रान्स-हार्बरची. ठाणे स्टेशनाच्या पूर्वेकडील फलाटांवरून ऐरोली, घणसोली, तुर्भे या मार्गाने वाशी, नेरूळ आणि पनवेलकडे गाड्या सुटतात. हा मार्ग 2004 मध्ये सुरू झाला आणि त्यामुळे ठाणेकरांना नवी मुंबईसाठी कुर्ल्याचा वळसा घालावा लागेनासा झाला.

कल्याणचा फाटा नवख्या माणसाला हमखास चकवतो. इंडिकेटरवर गाडीचे पूर्ण नाव येईपर्यंत एक-दोन अक्षरे झळकत राहतात, आणि रोजचे प्रवासी त्या अक्षरांवरच गाडी ओळखतात. ‘एस’ म्हणजे कर्जत, ‘एन’ म्हणजे कसारा, ‘केपी’ म्हणजे खोपोली, ‘एएन’ म्हणजे आसनगाव, ‘टीएल’ म्हणजे टिटवाळा, ‘बीएल’ म्हणजे बदलापूर, ‘ए’ म्हणजे अंबरनाथ आणि ‘के’ म्हणजे कल्याण. काही वर्षांपूर्वी भाच्याला घेऊन मी नेरळला निघालो होतो. बोलण्याच्या नादात समोर आलेल्या गाडीत चढलो, खिडकी मिळाली म्हणून दोघेही खूश झालो आणि कल्याण सुटल्यावर ‘पुढील स्टेशन शहाड’ ही घोषणा कानावर पडली, तेव्हा चूक लक्षात आली. शहाडला उतरून, पूल ओलांडून, परत कल्याणला येऊन कर्जतची गाडी पकडेपर्यंत सव्वा तास गेला आणि माथेरानचा बेत अंबरनाथच्या देवळावर आणावा लागला. तेव्हापासून गाडीत पाय ठेवण्यापूर्वी मी अक्षर मोठ्याने वाचतो. सोबतचे हसतात, पण गाडी चुकत नाही.

जलद आणि धिमी हा फरक कल्याणपर्यंतच महत्त्वाचा आहे, कारण पुढे जलद लोकलही प्रत्येक स्टेशनावर थांबते. दिवसातून काही कर्जत आणि कसारा गाड्या ठाण्याहूनच सुटतात. वेळापत्रकात त्या शोधून ठेवाव्यात, कारण मुंबईहून भरून आलेल्या गाडीत शिरण्यापेक्षा रिकाम्या गाडीत बसून जाणे केव्हाही बरे, आणि लहान मुले वा वृद्ध सोबत असतील तर दहा-वीस मिनिटे थांबूनही तीच गाडी घ्यावी.

दुसरी पायरी : परतीची गाडी आधी ठरवा, निघण्याची नंतर

नवखे लोक सहलीची आखणी सकाळपासून करतात आणि म्हणूनच संध्याकाळी फसतात. कल्याणच्या अलीकडे दर काही मिनिटांनी गाडी मिळण्याची आपल्याला सवय असते. कर्जत आणि कसाऱ्याकडे मात्र गर्दीची वेळ सोडली तर दोन गाड्यांत कधी अर्धा, कधी पाऊण तास आणि कधी त्याहूनही अधिक अंतर असते. खोपोलीची एक गाडी चुकली, तर पुढच्या गाडीची वाट पाहताना चहाचे दोन-तीन कप सहज होतात. म्हणून वेळापत्रक उघडले की प्रथम परतीचा रकाना पाहावा, आपल्याला सोयीची गाडी निवडावी आणि मग तिच्या आधीच्या गाडीने परतायचे, असे ठरवावे. सोयीची गाडी राखीव ठेवायची असते. पहिली चुकली तर ती हाताशी असते, आणि नाही चुकली तर घरी लवकर पोहोचतो, यात कोणाचे काही बिघडत नाही.

माथेरानचे उदाहरण घेऊन हा हिशेब उलटा मांडून पाहू. समजा, रात्री नऊपर्यंत घरी पोहोचायचे आहे आणि घर घोडबंदर रस्त्यावर आहे. म्हणजे आठच्या आसपास ठाणे स्टेशनात उतरायला हवे, कारण रविवारी संध्याकाळी त्या रस्त्यावर बसला किती वेळ लागेल हे बसचालकही छातीठोकपणे सांगणार नाही. नेरळ ते ठाणे या प्रवासाला तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. तेव्हा नेरळहून पावणेसातच्या सुमाराची गाडी ही आपली राखीव गाडी आणि तिच्या आधीची ती खरी गाडी. त्यासाठी सहा वाजता नेरळ स्टेशनात असावे लागेल, म्हणजे माथेरानच्या वेशीवरच्या, जेथपर्यंतच वाहने येतात त्या दस्तुरी नाक्यावरून साडेपाचपूर्वी टॅक्सी मिळायला हवी. बाजारपेठेपासून दस्तुरीपर्यंत रमतगमत चालायला पाऊण तास धरला आणि टॅक्सीच्या रांगेसाठी थोडा वेळ सोडला, की साडेचार वाजता बाजारातून पाय काढणे भाग आहे. वर पाच-सहा तास हवे असतील तर अकराच्या आत पोहोचायला हवे आणि त्यासाठी ठाण्याहून साडेसातच्या पुढची गाडी चालणार नाही. कागदावर एवढे लिहून काढायला पाच मिनिटे लागतात, आणि ‘अजून एक पॉइंट बघू या का’ या प्रश्नाचे उत्तर डोंगरावर कोणाशीही वाद न घालता देता येते.

घरापासून ठाणे स्टेशनापर्यंतचा वेळ हा प्रवासाचाच भाग आहे, हे अनेकजण विसरतात. कासारवडवली किंवा मानपाड्याहून येणाऱ्याने पहाटेच्या रिकाम्या रस्त्याचा वेळ वेगळा आणि परतीचा वेगळा धरावा. पश्चिमेकडून येणाऱ्या बस स्टेशनालगतच्या सॅटिस या उंचावरच्या पुलावर सोडतात आणि तेथून फलाटावर उतरता येते. ट्रान्स-हार्बरची गाडी पकडायची असेल तर मात्र पादचारी पुलाने स्टेशनाच्या दुसऱ्या टोकाला जावे लागते आणि गर्दीत त्याला वाटते त्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

तिसरी पायरी : वार निवडा आणि मेगाब्लॉक पाहा

रविवार हा सहलीचा दिवस असतो आणि रेल्वेच्या देखभालीचाही. बहुतेक रविवारी मध्य रेल्वे मुख्य मार्गाच्या एखाद्या भागावर, तसेच हार्बर किंवा ट्रान्स-हार्बरवर काही तासांचा मेगाब्लॉक घेते. तो साधारणपणे सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी चारच्या आसपास संपतो. मुख्य मार्गावरच्या ब्लॉकमध्ये जलद गाड्या धिम्या मार्गावर वळवल्या जातात, म्हणजे गाड्या मिळतात पण उशिराने. ट्रान्स-हार्बरवरचा ब्लॉक अधिक त्रासाचा असतो, कारण त्या काळात ठाणे ते वाशी-नेरूळ गाड्या बंदच असतात. आदल्या एक-दोन दिवसांत वर्तमानपत्रांत आणि मध्य रेल्वेच्या समाजमाध्यमांवर त्याची माहिती येते. शनिवारी रात्री ती न पाहता झोपू नये.

यावरचा साधा उपाय म्हणजे ब्लॉक सुरू होण्यापूर्वी ठाणे सोडणे आणि तो संपून तासभर झाल्यावर परतीची गाडी धरणे. रविवारी एकूण फेऱ्याही कमी असतात, त्यामुळे रोजच्या वेळापत्रकावर विसंबू नये. ज्यांना शनिवारी सुट्टी असते, त्यांनी शनिवारच निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र शनिवारी सकाळी मुंबईकडे जाणारी गर्दी असते आणि आपण उलट दिशेने जात असलो तरी फलाट आणि पूल तेच असतात, याची तयारी ठेवावी.

चौथी पायरी : तिकीट

कर्जत, खोपोली, कसारा, पनवेल आणि उरण ही सर्व टोके उपनगरी हद्दीत येतात, त्यामुळे लोकलचे साधे तिकीट पुरते आणि आगाऊ आरक्षण लागत नाही. तिकीट खिडकीवर, स्वयंचलित यंत्रावर किंवा रेल्वेच्या रेलवन अ‍ॅपवर काढता येते. अ‍ॅपवरचे कागदविरहित तिकीट स्टेशनात शिरण्यापूर्वी काढावे, कारण रुळांच्या अगदी जवळ आल्यावर ते निघत नाही. तिकीट निघण्याच्या वेळीच काढावे, फार आधी काढून ठेवू नये. मोबाइलची बॅटरी संपली तर तिकीट दाखवता येत नाही आणि विनातिकीट प्रवासाला भाड्याव्यतिरिक्त किमान 250 रुपये दंड आहे. म्हणून दिवसभर फोटो काढणाऱ्याने परतीचे तिकीट छापील घ्यावे.

जाण्या-येण्याचे तिकीट सकाळीच एकत्र काढणे सोयीचे, कारण पावसाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी नेरळ आणि कर्जतच्या खिडक्यांसमोर लांब रांगा लागतात. वातानुकूलित लोकलचे तिकीट वेगळे असते आणि साध्या तिकिटावर त्या गाडीत चढता येत नाही. प्रथम वर्गाचे भाडे द्वितीय वर्गाच्या कितीतरी पट असते. सकाळी उलट दिशेला बहुधा द्वितीय वर्गातही बसायला मिळते, तेव्हा तो खर्च केलाच तर परतीसाठी करावा. एक, तीन आणि पाच दिवसांचे पर्यटक तिकीटही मिळते. परंतु ते दिवसभरात अनेकदा चढ-उतार करणाऱ्यासाठी आहे. एका ठिकाणी जाऊन येणाऱ्याला त्याचा फायदा होत नाही.

लोणावळ्याबाबत मोठा गैरसमज आढळतो. कर्जतच्या पुढे घाट आहे आणि मुंबईची लोकल घाट चढत नाही. लोणावळ्याला जायचे तर ठाण्याहून पुण्याकडे जाणारी एक्स्प्रेस गाडी घ्यावी लागते, तिचे तिकीट वेगळे असते आणि लोकलचे तिकीट वा पास त्यात चालत नाही. सकाळच्या इंद्रायणी आणि डेक्कन एक्स्प्रेस या गाड्या ठाण्याला थांबतात आणि त्याच नावांच्या गाड्या दुपारनंतर व संध्याकाळी पुण्याहून परततात. आरक्षण 60 दिवस आधी सुरू होते. सुट्ट्यांच्या दिवशी बसण्याची जागा हवी असेल तर ते जाण्याचे आणि येण्याचे एकाच वेळी करून ठेवावे.

पाचवी पायरी : सोप्यापासून सुरुवात करा

पहिलीच सहल माथेरानची करू नये. पहिल्यांदा अर्ध्या दिवसात आटोपणारे ठिकाण निवडावे आणि गाड्यांचा अंदाज घ्यावा. यासाठी मला अंबरनाथ सर्वांत योग्य वाटते. ठाण्याहून पाऊण तासाच्या आत पोहोचता येते, पूर्वेला उतरून रिक्षाने थोडक्या वेळात वालधुनी नदीकाठचे शिवमंदिर गाठता येते, आणि जे दिसते ते पाहण्यासाठी लोकांनी शेकडो किलोमीटर यावे असे आहे. शिलाहार राजांच्या काळातील या देवळातील शिलालेखात शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा उल्लेख आहे. सकाळी कोवळे ऊन तिरपे पडते, तेव्हा बाहेरच्या भिंतींवरची शिल्पे उठून दिसतात. दुपारी तीच सपाट वाटतात. गाभारा सभामंडपापेक्षा बराच खाली आहे आणि पायऱ्या उतरून जावे लागते, हे गुडघेदुखी असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. महाशिवरात्रीला येथे मोठी जत्रा भरते. दर्शनासाठी जाणाऱ्याने तेव्हा जरूर जावे, शिल्पे पाहणाऱ्याने मात्र तो दिवस टाळावा.

टिटवाळ्याचा महागणपती त्याहूनही सोपा आहे. स्टेशनाबाहेर शेअर रिक्षा उभ्याच असतात. संकष्टीला आणि विशेषतः अंगारकीला मात्र गाड्यांपासून देवळापर्यंत सगळीकडे रांग असते.

ट्रान्स-हार्बरवर पहिली निवड ऐरोलीची. ठाण्याहून हे अंतर काही मिनिटांचेच आहे, त्यामुळे त्याला सहल म्हणावे की नाही असा प्रश्न पडेल, पण हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत खाडीत उतरणारे रोहित पक्षी पाहण्यासाठी याहून जवळची जागा नाही. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झाले आणि 2022 मध्ये या क्षेत्राला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात, परंतु त्यांची वेळ भरती-ओहोटीवर अवलंबून असते. म्हणून येथे रेल्वेच्या वेळापत्रकाआधी भरतीची वेळ पाहावी आणि बोटीची जागा आधी निश्चित करावी.

त्याच मार्गाने पुढे नेरूळला गाडी बदलून उरणला जाता येते. खारकोपरपर्यंतचा मार्ग 2018 मध्ये आणि तेथून उरणपर्यंतचा 12 जानेवारी 2024 रोजी सुरू झाला. त्यापूर्वी ठाण्याहून उरणला जायचे म्हणजे दोन बस आणि बराच धीर लागत असे. खाडी, मिठागरे, बंदराकडे जाणारे कंटेनर आणि त्यामधूनच धावणारी जवळजवळ रिकामी लोकल असा हा प्रवास आहे, आणि तो मला पिरवाडीच्या किनाऱ्याइतकाच आवडतो. या मार्गावर फेऱ्या विरळ आहेत, तेव्हा उतरल्या उतरल्या उरण स्टेशनावरच परतीच्या वेळांचा फोटो काढून ठेवावा.

पनवेलहून कर्नाळ्याला एसटीने किंवा रिक्षाने जाता येते. पक्षी पाहायचे असतील तर सकाळी लवकर पोहोचावे. दहानंतर तेथे पक्ष्यांपेक्षा माणसांचे आवाज अधिक ऐकू येतात.

माथेरान

या ठिकाणाला वेगळी जागा देण्याचे कारण असे की ठाणेकरांचा त्यावर थोडा हक्क आहे. 1850 मध्ये ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट या डोंगरावर चढले आणि त्यानंतर ते थंड हवेचे ठिकाण म्हणून नावारूपाला आले. आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली, दोन फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी मिनी ट्रेन 1907 मध्ये सुरू झाली. नेरळहून निघून जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ही स्टेशने घेत ती सुमारे 21 किलोमीटरचा नागमोडी चढ दोन तासांहून अधिक वेळात चढते.

येथे निवड करावी लागते. मिनी ट्रेनने पूर्ण चढायचे असेल तर तो प्रवास हीच सहल समजावी आणि वर फार काही पाहायची अपेक्षा ठेवू नये. दिवसात तिच्या मोजक्याच फेऱ्या असतात, तिकिटे मर्यादित असतात आणि सुट्टीच्या दिवशी नेरळच्या लहान खिडकीसमोर पहाटेपासून माणसे उभी असतात. पॉइंट पाहायचे असतील तर नेरळ स्टेशनाबाहेरून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जावे. त्यापुढे खासगी वाहनांना बंदी आहे. दस्तुरीजवळच्या अमन लॉजहून माथेरान स्टेशनापर्यंत धावणारी शटल घेतली की छोट्या गाडीची हौसही भागते आणि वेळही वाचतो. नवख्यांनी हाच पर्याय निवडावा. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते, शटल मात्र सहसा चालू राहते.

दस्तुरीला प्रवेशकर भरावा लागतो, म्हणून थोडे सुटे पैसे जवळ असावेत. वर लाल मातीचे रस्ते आहेत. पांढरे बूट घालून जाणारा माणूस परतीच्या लोकलमध्ये लगेच ओळखू येतो. माकडे हातातली पिशवी ओढून नेतात, तेव्हा खाऊ पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवावा आणि पाण्याची बाटलीही हातात मिरवू नये.

कर्जत, लोणावळा आणि कसारा

कर्जतला ठाण्याहून सव्वा ते दीड तास लागतो. येथे पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात, कारण पुढच्या बोरघाटात 37 फुटांना एक फूट असा चढ आहे. या इंजिनांना ‘बँकर’ म्हणतात. ती जोडेपर्यंत गाडी फलाटावर थांबते आणि त्याच थांब्याने कर्जतचा बटाटावडा प्रसिद्ध केला. लोकलने आलेल्याला घाई नसते, म्हणून गाडी सुटू द्यावी, गर्दी ओसरली की वडा घ्यावा आणि बँकर जोडण्याचे काम पाहत खावा. उन्हाळ्यात स्टेशनाबाहेर आसपासच्या वाड्यांतून आलेल्या बायका पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदे आणि जांभळे घेऊन बसलेल्या असतात. वरची करवंदे काळीभोर आणि खालची हिरवट असा प्रकार कधी कधी निघतो, पण मागितली तर चव बघायला एक-दोन करवंदे हातावर ठेवतात.

कर्जतहून कोंडाणे लेण्यांकडे रिक्षाने पायथ्यापर्यंत आणि पुढे चालत जाता येते. ही वाट पुढे राजमाचीला जाते, पण एका दिवसाच्या पहिल्या सहलीत लेण्यांपाशीच थांबावे.

लोणावळ्याला उतरून बाजारात चिक्कीच्या दुकानांसमोर दिवस घालवण्यापेक्षा पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने पुढच्याच मळवली स्टेशनावर जावे. तेथून एका बाजूला भाजे आणि दुसऱ्या बाजूला कार्ले लेणी आहेत. कार्ल्याचे चैत्यगृह देशातील सर्वांत मोठे मानले जाते, आणि त्याच्या दारातच एकवीरा आईचे देऊळ आहे. ठाणे आणि नवी मुंबईच्या गावठाणांतील आगरी-कोळी कुटुंबांसाठी ही वाट नवी नाही. त्यांच्यापैकी कोणी शेजारी असेल तर या लेखापेक्षा त्यांचा सल्ला घ्यावा. पुणे-लोणावळा लोकल दुपारच्या वेळी विरळ असतात, म्हणून दोन्ही लेणी एकाच दिवशी पाहण्याचा हट्ट धरू नये. पायऱ्या कमी हव्या असतील तर भाजे निवडावे.

कसारा लाइनवर आसनगावला उतरून माहुली गाठता येतो. 1636 मध्ये शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्याची शेवटची झुंज याच किल्ल्यावरून दिली. चढ खडा आणि लांब आहे. ज्यांना जिने चढण्याचाही सराव नाही, त्यांनी पायथ्याच्या वनराईत फिरून परतावे. प्रत्यक्ष कसाऱ्याला पोहोचायला पावणेदोन तास लागतात. तेथून विहिगावचा धबधबा किंवा पुढे इगतपुरीकडे शेअर जीपने जाता येते. पण जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि ती कधी भरेल याचे वेळापत्रक नसते. म्हणून कसारा हे तिसऱ्या-चौथ्या सहलीचे ठिकाण आहे. वसईचा किल्ला नकाशावर जवळ दिसतो, परंतु दिवा-वसई मार्गावर गाड्या अगदी थोड्या आहेत, तेव्हा तोही पहिल्या यादीत धरू नये.

पावसाळ्यासाठी

बहुतेकांना सहल आठवते ती पावसाळ्यात, आणि नेमक्या त्याच काळात आखणी सर्वांत सैल ठेवावी लागते. बदलापूर ते वांगणी या पट्ट्यात रूळ उल्हास नदीच्या जवळून जातात. जुलै 2019 मध्ये तेथेच पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. हवामान विभागाने रायगड किंवा ठाणे जिल्ह्यासाठी नारंगी वा लाल इशारा दिला असेल तर त्या दिवशी जाऊच नये. भिवपुरी, खडवली, खारघर येथील धबधब्यांवर आणि नदीकाठांवर दरवर्षी माणसे बुडतात, म्हणून प्रशासन अनेकदा बंदीचे आदेश काढते. स्टेशनावर उतरल्यावर पोलिसांनी परत पाठवले अशी वेळ येऊ नये, यासाठी आदल्या दिवशीच्या स्थानिक बातम्या पाहाव्यात. वरच्या डोंगरात पडलेल्या पावसाचे पाणी आपल्या डोक्यावर ऊन असतानाही ओढ्यात अचानक वाढते. धबधबा दुरून पाहण्यात काही कमीपणा नाही.

सामान कमीच असावे: एक कोरडा सदरा, प्लास्टिकच्या पिशवीत मोबाइल, लहान छत्रीऐवजी रेनकोट, घरचा डबा आणि पाणी. ओल्या कपड्यांनी परतीच्या गर्दीत उभे राहणे आपल्यालाही नकोसे वाटते आणि शेजाऱ्यालाही.

परतीचा प्रवास

रविवारी संध्याकाळी कर्जतहून सुटणारी गाडी सुटण्याच्या स्टेशनावरच भरते. नेरळला चढणाऱ्याला बसायला जागा मिळेलच असे नाही, आणि बदलापूरनंतर दारापाशी पाय ठेवायलाही कष्ट पडतात. त्यामुळे सहल नेरळची असली आणि सोबत वृद्ध माणसे असली, तर समोरून कर्जतकडे जाणाऱ्या गाडीने कर्जतला जाऊन तेथून बसून यावे. त्यासाठी नेरळ ते कर्जत तिकीट वेगळे काढावे आणि परतीचे कर्जतपासूनचे घ्यावे. गाडीत काही अडचण आली तर रेल्वेचा 139 हा मदत क्रमांक आहे. महिलांनी रात्री उशिराच्या प्रवासात महिला डब्याची जागा फलाटावर आधीच पाहून ठेवावी.

ठाणे हे मधले स्टेशन आहे, हे परतताना विसरू नये. गाडी येथे अर्ध्या मिनिटाच्या आसपास थांबते, उतरणारे पुष्कळ असतात आणि चढणारे त्याहून अधिक. झोप लागलेली मुले, ओल्या चपला, जांभळांची पिशवी आणि छत्री हे सगळे डोंबिवली सुटल्यावर हातात घ्यावे, कोणत्या बाजूला फलाट येणार हे रोजच्या प्रवाशाला विचारावे आणि मुंब्रा येईपर्यंत त्या दाराच्या दिशेने सरकायला सुरुवात करावी. कळव्याला उठणारा माणूस मुलुंडला उतरतो.